मनावर हल्ला करणारे मॉन्स्टर, आणि चाळीस मिनिटं गप्प बसलेला फायटर

उत्तररात्र:

मंडळी, जरा लांबण लागेल, पण घडलं ते सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट विचारता येणार नाही.

पुण्यात, कर्वेनगरला, एक रविवार सोडून आमच्या जेवणाच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतं, म्हणजे फासे टाकत एकत्र गोष्ट रचायचा खेळ. पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. तीन वर्षं मीच डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि सगळे शत्रू चालवणारी. खेळाडू पाच, सगळे आता सहाव्या लेव्हलला. खेळात माझा धाकटा भाऊ फायटर (लढवय्या), मावसबहीण विझार्ड (जादूगार), कॉलेजातला एक मित्र रोग (चोर), त्याची बायको क्लेरिक (पुजारीण) आणि वरच्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा रेंजर (रानातला शिकारी).

ही सगळी मोहीम मी माइंड फ्लेअरभोवती विणली आहे. मला हा प्राणी फार आवडतो. गॅरी गायगॅक्सने तो १९७५ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’च्या पहिल्याच अंकात आणला, तेव्हा खेळ जेमतेम वर्षाचा होता. तोंडाच्या जागी चार सोंडा, खाणं म्हणजे दुसऱ्याचा मेंदू. पिल्लं बेडकाच्या पिल्लांसारखी, आणि त्यातलं एक जिवंत माणसाच्या डोक्यात सोडलं की त्या माणसाचाच माइंड फ्लेअर होतो. एके काळी यांचं साम्राज्य होतं. गिथ नावाच्या बाईने गुलामांना उठवलं आणि ते मोडलं. आता जे उरलेत ते जमिनीखाली, एल्डर ब्रेन नावाच्या एका अवाढव्य मेंदूच्या हुकमात लपून राहतात. हरलेले, भुकेले, आणि तरीही आपणच मालक या समजुतीत. असा शत्रू मला ड्रॅगनपेक्षा कितीतरी जास्त खरा वाटतो.

गेल्या खेपेला पाण्याने भरलेल्या एका खाणीत तो पहिल्यांदा समोर आला. एकच होता. इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या क्रमात, त्याचा नंबर पहिला लागला, मी माइंड ब्लास्ट (मन सुन्न करणारा झटका) टाकला, पाचपैकी तिघांचे सेव्ह, म्हणजे वाचण्यासाठी टाकलेले फासे, हुकले. क्लेरिक लगेच सावरली, मागोमाग रेंजर. भावाचा फायटर मात्र पाच फेऱ्या स्टन, म्हणजे जागच्या जागी बधिर. त्याचं इंटेलिजन्स ८, वीस बाजूंच्या फाशावर किमान १६ हवेत, आणि पडतच नव्हते. आमच्याकडे एक फेरी सात-आठ मिनिटं चालते, म्हणजे जवळजवळ चाळीस मिनिटं झाली. तेवढ्या वेळात त्याने सगळे फासे एकावर एक रचले. फोनला हात लावला नाही. एकदा उठून कुकरखालचा गॅस बारीक करून आला. त्याची पाळी आली की मी “सेव्ह?” म्हणायचे, तो फेकायचा, मान हलवायचा, मी पुढे जायचे. शेवटी माइंड फ्लेअर अर्धमेला होऊन लेव्हिटेट करत खाणीच्या विहिरीतून वर निसटला. सगळे आरडाओरडा करत होते. भाऊही हसला. पण जाताना रोज म्हणतो तसं “भारी झालं” म्हणाला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हापासून ते फासे माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. मनावर हल्ला करणारे प्राणी कसे चालवायचे, म्हणजे भीती तर राहील पण समोरचा माणूस टेबलावरून पुसला जाणार नाही? स्टन काढूनच टाकू का? पुढच्या रविवारी इंटेलेक्ट डिव्हाउरर (बुद्धी खाणारा प्राणी) ठेवला होता, त्याचीही आता धास्ती वाटते. कोणी असा एखादा मॉन्स्टर स्वतः तयार करून खेळवला असेल तर कृपया लिहा.

त्रिज्या:

उत्तररात्र, आधी हिशोब मांडू या, कारण यात तुमची चूक वाटते त्यापेक्षा आकड्यांचा वाटा मोठा आहे.

माइंड ब्लास्टचा सेव्ह इंटेलिजन्सचा, डीसी (गाठायचा आकडा) १५. इंटेलिजन्स ८ म्हणजे फाशाच्या आकड्यातून उणे १, म्हणून १६ पासून पुढे पडायला हवं. शक्यता २५ टक्के. दर पाळीच्या शेवटी पुन्हा सेव्ह आणि मर्यादा एका मिनिटाची, म्हणजे दहा फेऱ्यांची. हे धरून सरासरी काढली तर एकदा हुकलेल्या फायटरच्या जवळपास पावणेचार पाळ्या वाया जातात. तुमच्या भावाच्या पाच गेल्या. नशीब फार वाईट नव्हतं, हे असंच होणार होतं.

आता दुसरी बाजू. सहाव्या लेव्हलच्या विझार्डचं इंटेलिजन्स १८ असेल तर तिला ८ पुरतात. इंटेलिजन्स सेव्हची तयारी मूळ पुस्तकात फक्त विझार्ड, रोग आणि ड्रुइड यांना मिळते. म्हणजे जो पुढे उभा राहून मार खातो, तोच इथे सगळ्यात उघडा. डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन आणि विझडम यांचे सेव्ह प्रत्येक सेशनला लागतात, त्यामुळे खेळाडू त्यांची काळजी घेतात. इंटेलिजन्सचा वर्षातून दोनदा लागतो, मग फायटर तिथे बिनधास्त ८ ठेवतो.

मी माझ्या टेबलावर स्टन असा मोडून ठेवला आहे. सेव्ह हुकला तर पहिली एक पाळी पूर्ण स्टन. त्यानंतर सेव्ह होईपर्यंत खेळाडूने प्रत्येक पाळीला निवडायचं, हलायचं किंवा काहीतरी करायचं, दोन्ही नाही. शिवाय स्वतःला ५ पॉइंट सायकिक (मनाला होणारं) डॅमेज घेऊन जोर लावला तर पुढच्या सेव्हला अ‍ॅडव्हान्टेज. (म्हणजे दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा.) माणूस दर पाळीला एक निर्णय घेतो, आणि माझ्या अनुभवात तेवढं पुरतं.

इंटेलेक्ट डिव्हाउररबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. त्याचं चॅलेंज, म्हणजे किती कठीण त्याचा आकडा, २ लिहिलंय, त्यावर जाऊ नका. डीसी १२ चा सेव्ह. उणे १ वाल्याचा तो ६० टक्के वेळा हुकतो. मग ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) टाकायचे, बेरीज इंटेलिजन्सइतकी किंवा जास्त आली की इंटेलिजन्स थेट शून्य. ८ वाल्यासाठी ही शक्यता जवळपास ८४ टक्के. दोन्हींचा गुणाकार करा. एका पाळीत, एका चिमुकल्या चार पायांच्या मेंदूकडून, तुमचा फायटर निकामी होण्याची शक्यता निम्मी. त्यानंतर तो प्राणी कवटीत शिरून अंगच ताब्यात घेऊ शकतो. गेलेली बुद्धी परत आणायला ग्रेटर रिस्टोरेशन हा मंत्र लागतो, तो पाचव्या पातळीचा, आणि तुमची क्लेरिक तिथे नवव्या लेव्हलला पोचणार. ज्याच्यावर एकदा असं बेतलंय त्याच्यापुढे हा लगेच आणू नका. आणायचाच असेल तर त्या परिसरात तो मंत्र येणारं देऊळ आधी नकाशावर ठेवा आणि खेळाडूंना त्याची माहिती होऊ द्या.

बिनचिलखत:

मी डीएम नाही, खेळाडू आहे. नाशिकहून ऑनलाइन खेळते, चार वर्षं फायटरच चालवते, म्हणून तुमच्या भावाच्या बाजूने लिहावंसं वाटलं.

आमच्या मोहिमेत एका बुडालेल्या शहरात अ‍ॅबोलेथ होता. हा पाण्यातला प्रचंड मासळीसारखा प्राणी, १९८१ पासून खेळात आहे, आणि देवांच्याही आधीचं सगळं त्याला आठवतं. त्याच्याशी मनाने बोललात की तुमची सगळ्यात मोठी इच्छा त्याला कळते. त्याच्याकडे गुलाम करण्याची शक्ती आहे, विझडम सेव्ह, डीसी १४, दिवसातून तीन वेळा. माझा सेव्ह हुकला. इथे आमच्या डीएमने जे केलं ते मी विसरणार नाही. त्याने खेळ थांबवला नाही, मला खासगी निरोप पाठवला: “तुझी बाई आता त्याची आहे. तिला तू चालवशील की मी चालवू? तिसरा मार्ग, सेव्ह झाला असं समजू आणि पुढे जाऊ. तिन्ही चालेल.”

मी म्हटलं, मी चालवते. दोन सेशन मी माझ्याच मित्रांमध्ये अ‍ॅबोलेथची हेर होते. त्याला काय हवंय ते डीएम मला लिहायचा, कसं करायचं ते मी ठरवायचे. गुलामाला इजा झाली की पुन्हा सेव्ह मिळतो, हा नियम मला माहीत होता, म्हणून मी मुद्दाम प्रत्येक मारामारीत पुढे जाऊन उभी राहायचे. माझ्या बाईच्या आत कुठेतरी ती स्वतः शिल्लक होती आणि सुटायला धडपडत होती, हे दाखवण्याचा माझ्याकडे तेवढाच रस्ता होता. तिसऱ्या सेशनला एका बाणाने ती सुटली, तेव्हा मी खरंच रडले.

पण त्याच टेबलावर आमची एक मैत्रीण आहे, तिने मोहीम सुरू व्हायच्या आधीच सांगितलं होतं की तिच्या कॅरेक्टरचं मन दुसऱ्या कोणाच्या ताब्यात गेलेलं तिला चालणार नाही. कारण विचारलं नाही, विचारायचं नसतंच. अ‍ॅबोलेथने तिच्यावर ती शक्ती कधी वापरली नाही. मारामारी सगळ्यांनाच चालते असं आपण धरून चालतो, पण मनाचं तसं नाही. तिथे प्रत्येकाची रेघ वेगळी असते आणि ती पहिल्या सेशनच्या आधी विचारून घ्यावी लागते.

एक विचारू का? तुम्ही इतकं मनापासून लिहिलंय, पण भावाला विचारलंत का त्याला नेमकं काय खटकलं?

उत्तररात्र:

नाही विचारलं. तो “काही नाही गं ताई” म्हणेल याची खात्री होती म्हणून. आज रात्री विचारते.

जुना गडी:

मी थोडं विरुद्ध मत मांडतो. त्रिज्या यांचा हिशोब बरोबर आहे, उपाय मला पटत नाही. माइंड फ्लेअरचा स्टन ढिला केलात तर तो १५ एसी (बचावाचा आकडा) आणि ७१ हिट पॉइंटचा (जीवाचा आकडा) एक अशक्त जादूगार उरतो, सहाव्या लेव्हलचे पाच जण त्याला दोन फेऱ्यांत लोळवतील. त्याची भीती एका साखळीत आहे. आधी ब्लास्ट, मग सोंडांनी पकड, मग मेंदू खेचून काढणं, १०डी१० डॅमेज, सरासरी ५५. तुमच्या फायटरचं सगळं आयुष्य साधारण तेवढंच असेल. ही साखळी डोळ्यांपुढे घडताना दिसते तेव्हा बाकीचे चौघे स्वतःची पाळी सोडून मित्राला ओढून बाजूला नेतात. तो क्षण मला कुठल्याही किमतीत हवा असतो.

माझ्या मते उणीव आधीच्या तयारीत राहते. मनावर हल्ला करणाऱ्या प्राण्याची चाहूल दोन-तीन सेशन आधी लागायला हवी. रिकाम्या कवटीची प्रेतं सापडू देत. त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या लढलेला एखादा गिथयांकी (गिथच्या लोकांपैकी) भेटू दे, तो सांगेल की ब्लास्ट साठ फुटांच्या शंकूत पसरतो, जितकं लांब तितका रुंद, तेव्हा घोळक्याने उभे राहू नका. नोम (बुटक्या जमातीच्या) कॅरेक्टरला असल्या जादूच्या सेव्हला अ‍ॅडव्हान्टेज असतो. सहाव्या लेव्हलचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) दहा फुटांतल्या सगळ्यांच्या सेव्हला बळ देतो. विझार्डला तिसऱ्या पातळीचं इंटेलेक्ट फोर्ट्रेस (मन राखणारा मंत्र) २०२० पासून मिळतं, इंटेलिजन्स, विझडम, करिश्मा तिन्ही सेव्हना अ‍ॅडव्हान्टेज आणि सायकिक डॅमेज निम्मं. तुमच्या मावसबहिणीने ते भावावर टाकलं असतं तर त्याची शक्यता २५ वरून जवळपास ४४ टक्क्यांवर गेली असती, आणि हुकल्यावरही त्याला वाटलं असतं की कोणीतरी आपल्यासाठी काहीतरी केलं.

सडा:

मी देवगडजवळचा, आता कामानिमित्त मुंबईत. स्वतः बनवलेल्या मॉन्स्टरबद्दल विचारलंय म्हणून माझा चकवा सांगतो. पाच वर्षांत तीन टेबलांवर खेळवून झालाय.

आमच्याकडे रात्री सड्यावरून येताना ओळखीची वाट हरवली, तासभर चालून माणूस त्याच आंब्याखाली आला, की म्हणतात चकवा लागला. आजी सांगायची, अशा वेळी चालू नये, आहे तिथे बसावं, उजाडलं की वाट समोरच असते. चकवा अंगाला हात लावत नाही. त्याला रूप नाही. तो फक्त तुमचा तुमच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतो. माझ्या मते याहून चांगला सायकिक मॉन्स्टर मिळणार नाही.

खेळात तो असा आहे. एसी १३, हिट पॉइंट ४५, समोरासमोर आला तर २डी६ सायकिक डॅमेज, बस्स. स्टन नाही, ताबा नाही. रानात शिरल्यावर दर तासाला सगळ्यांचा विझडम सेव्ह, डीसी १३, पण निकाल मी सांगत नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी देतो. ज्याचा सेव्ह झाला त्याच्या चिठ्ठीत खरं दृश्य, ज्याचा हुकला त्याच्या चिठ्ठीत एकच गोष्ट बदललेली. ओढा डाव्या हाताला आहे की उजव्या. पुढे चालणारा माणूस आपल्यातलाच आहे का. मग टेबलावर जी बोलाचाली सुरू होते! कोणाचीही पाळी जात नाही, उलट सगळे एकाच वेळी खेळत असतात. दोघांचं जुळतं, तिसऱ्याचं जुळत नाही, आणि तिसरा जीव तोडून सांगत असतो की मीच खरं बघतोय. एकदा तोच खरा होता.

दुसरा भाग रात्रीचा. जे चालत राहतात त्यांची चकवा दर रात्री एक आठवण खातो. कुठली, ते खेळाडूने स्वतः ठरवायचं. आपल्या कॅरेक्टरची एक आठवण कागदावर लिहायची आणि माझ्याकडे द्यायची. ती माझ्याकडे असेपर्यंत कॅरेक्टरला ते आठवत नाही. आईचा आवाज, पहिल्या घोड्याचं नाव, ज्याच्यासाठी सूड घ्यायला निघालो त्याचा चेहरा. गेल्या खेपेला एकाने शेवटची लिहून दिली आणि मग पूर्ण सेशन स्वतःलाच विचारत राहिला की आपण कुठे निघालोय. चकवा मेला की कागद परत देतो. लोक ते घडी घालून कॅरेक्टर शीटमध्ये ठेवतात.

एक तपशील सगळ्यांच्या कामाचा. डिटेक्ट थॉट्स या विचार वाचणाऱ्या मंत्राचा नियम नीट वाचा. दोन फूट दगड, दोन इंच कुठलाही धातू, किंवा शिशाचा नुसता पातळ पत्रा, यांतून विचार वाचता येत नाहीत. मी चकव्यालाही तेच बंधन ठेवलं. पार्टीत एक कोळी होता, त्याने जाळ्याची शिशाची वजनं काढली, रात्रभर ठोकून पत्रा केला आणि सगळ्यांच्या टोप्यांना आतून लावला. हे मी सुचवलेलं नव्हतं. जादू न येणाऱ्या माणसाच्या हातातही मन वाचवायला काहीतरी असावं, म्हणून तो नियम मला फार मोलाचा वाटतो. तुमच्या भावाचा फायटर हातोडा चालवू शकतो ना?

उत्तररात्र:

रविवार झाला. सगळ्यांचे आभार, आणि काय झालं ते सांगते.

भावाला त्याच रात्री विचारलं. तो आधी “काही नाही गं” म्हणालाच. मग भांडी विसळता विसळता म्हणाला, “स्टन झालो त्याचं काही नाही. पण त्याने माझ्या डोक्यात काय केलं ते तू सांगितलंच नाहीस. मला वाटत होतं, आत काहीतरी दिसत असेल.”

मी तिथेच थांबले. बाकीच्या चौघांना मी पाण्याचा वास, मशालीचा धूर, सोंडांची वळवळ सगळं वर्णन करून सांगत होते. जो माणूस त्या प्राण्याच्या सगळ्यात जवळ होता, मनाने आत होता, त्याला मी फक्त “सेव्ह?” विचारत होते.

जुना गडी, तुमचं ऐकून स्टन तसाच ठेवला. एकच नियम जोडला. माइंड ब्लास्टने स्टन झालेल्याची जी पाळी जाते, त्या पाळीला तो माइंड फ्लेअरच्या मनाला एक प्रश्न विचारू शकतो, आणि मला खरं उत्तर द्यावं लागतं, शब्दांत नाही, एका दृश्यात. दार दोन्ही बाजूंनी उघडतं, असं मी त्यांना सांगितलं. इंटेलेक्ट डिव्हाउरर गुंडाळून ठेवला. इंटेलेक्ट फोर्ट्रेस मावसबहिणीने शिकून घेतलं, आणि पहिल्याच फेरीत भावावर टाकायला निघाली. तो म्हणाला, “मला नको, क्लेरिकवर टाक.”

आणि तो पुढे जाऊन उभा राहिला. सेव्ह हुकला. पहिल्या पाळीला विचारलं, “तू आत्ता कोणाकडे बघतोयस?” मी रेंजरची पाठ त्याला सोंडांमधून दिसली तशी सांगितली, आणि त्याने ओरडून रेंजरला खाली बसवलं. (स्टन झालेल्याला अडखळत बोलता येतं, हे नियमातच आहे, मला आधी लक्षात नव्हतं.) दुसऱ्या पाळीला: “तू खाणीत का राहतोस?” ओल्या अंधारात एकटं बसलेलं कोणीतरी, आणि खूप लांबून येणारी हाक, जिच्याकडे पाठ फिरवलेली. तिसऱ्या पाळीला तो बराच वेळ गप्प होता. मग: “तू कशाला घाबरतोस?”

मी खाऱ्या पाण्याचं कुंड सांगितलं. त्यातला एल्डर ब्रेन. हा माइंड फ्लेअर तिथून पळून आलेला आहे, हे माझ्या वहीत सहा महिन्यांपासून होतं आणि कोणाला कळायला रस्ताच नव्हता. भावाने सगळ्यांना हात वर करून थांबवलं. विझार्डचा फायरबॉल तोंडावर आला होता, तिने तो गिळला.

त्यांनी त्याला मारलं नाही. पुढचं त्यांनीच ठरवलंय, आणि आता मला पुन्हा तुमची मदत लागणार. एल्डर ब्रेनला पाच मैलांच्या आतले सगळे विचार करणारे जीव जाणवतात. खाण त्याच्यापासून तीन मैलांवर आहे. हद्दीबाहेर जायला दोन मैल, नेहमीच्या चालीने चाळीस मिनिटं. माइंड फ्लेअर खेचरावर बांधलेला आहे, भावाने खाणीतल्या शिशाचा पत्रा ठोकून त्याच्या डोक्याला गुंडाळलाय, पण बाकीच्या पाच डोक्यांना पुरेल एवढं शिसं नाही. सडा, त्रिज्या, तो पत्रा कोणाच्या डोक्यावर असावा हे त्यांनी ठरवायच्या आधी मी एल्डर ब्रेनला किती कळू द्यावं?